ट्रॉलीचा ब्रेक : घरचें काम आणि कारागिराचें काम

उसाचा हंगाम सुरू झाला कीं कोल्हापुराकडील रस्त्यांचें रूप पालटतें. कसबा बावडा, कुडित्रे, परिते येथील साखर कारखान्यांच्या वाटेवर एकेका ट्रॅक्टरामागें दोन दोन भरलेल्या ट्रॉल्या चाललेल्या दिसतात. आमच्या ज्या वाचकांच्या घरीं शेती आहे, त्यांच्या अंगणांतही एखादी ट्रॉली उभी असेल. तिला ब्रेक आहे काय? ट्रॅक्टराला आहे तेवढा पुरे, असा पुष्कळांचा समज असतो.

हा समज घातक आहे. बहुतेक ट्रॅक्टरांचा ब्रेक केवळ मागील चाकांवर चालतो. उतारावर ट्रॅक्टर आवरला तरी मागचा भार आवरत नाहीं. तो ट्रॅक्टराला पुढें रेटतो आणि वळणावर जोडणीपाशीं दुमडून आडवा करितो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यावर थांबण्याचें अंतर चौपट होतें. बैलगाडीच्या चाकाला दगडाची उटी देऊन भागत असे. येथें तें भागणार नाहीं. ट्रॅक्टराच्या पेडलाबरोबरच तेलाच्या किंवा हवेच्या दाबानें लागणारा ब्रेक ट्रॉलीला असावा, हें उत्तम.

अशा वेळीं घरांतील एखादे हौशी चिरंजीव म्हणतात, "गॅरेजवाल्याला मजुरी कशाला? मीच करतों." या हौसेचें आम्हांस कौतुकच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासूनच आरंभ केला होता. मात्र आपल्या हाताची मर्यादा ओळखणें हाही स्वावलंबनाचाच भाग होय.

जुने लायनर बदलणें, ब्रेक जुळविणें, तेल बदलणें हीं कामें माहितगाराच्या देखरेखीखालीं शिकून घरीं करितां येतात. जमीन सपाट असावी, उरलेल्या चाकांना उटी द्यावी आणि केवळ जॅकवर विसंबून ट्रॉलीखालीं जाऊं नये. भक्कम घोडे लावावे. ड्रममधील धूळ फुंकून उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, म्हणून ती ओल्या फडक्यानें पुसावी. ग्रीस मुरलेलें लायनर धुऊन पुन्हां वापरूं नये. एका आंसावरील दोन्ही चाकांचीं लायनरें एकदमच बदलावीं. नाहींतर ब्रेक लागतांच ट्रॉली एका अंगास ओढते. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून फार दिवस उघडा राहिलेला डबा वापरांत आणूं नये.

ड्रम चरे पडून वांकडातिकडा झाला असेल, तर मात्र उद्यमनगरांतील लेथवाल्या कारागिराकडेच जावें. आंस किंवा जोडणीची दांडी यांचें वेल्डिंग आणि नवी ब्रेक-रचना बसविणें हीं कामेंही त्याचींच. काम कोणींही केलें तरी तें दुसर्‍या जाणत्याकडून तपासून घ्यावें. मग रिकाम्या ट्रॉलीनिशीं मोकळ्या मैदानांत, संथ वेगानें परीक्षा पाहावी, भार त्यानंतर.

वांचलेली मजुरी आपल्या घरांत राहते; चुकलेल्या ब्रेकची किंमत मात्र रस्त्यानें शाळेला निघालेलें दुसर्‍याचें मूल देतें. गृहस्थानें हिशेब मांडावयाचा तो हा.