शीघ्रवाचन आणि वैद्यव्यवसाय

शीघ्रवाचनाची हौस आता वैद्यवर्गातही शिरू लागली आहे. वर्तमानपत्र कोणी पाच मिनिटांत हातावेगळे केले, तर आमची तक्रार नाही. परंतु संहिता आणि चिठ्ठी या दोन ठिकाणी ही हौस आम्हांस धोक्याची वाटते.

अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये हे वर्ग प्रसिद्धीस आणले. सुशिक्षित वाचक मिनिटाला साधारण २०० ते ४०० शब्द वाचतो. वर्गचालक हजारांची भाषा करतात. कीथ रेनर व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील आढाव्याचा निष्कर्ष असा, की वेग फार वाढविला की आकलन घटते. एका दृष्टिक्षेपात थोडीच अक्षरे स्पष्ट दिसतात. शिवाय मागे वळून वाचणे हा दोष नव्हे, तो आकलनाचाच भाग आहे. चरकसंहितेतील ३६ तंत्रयुक्तींत अतीतावेक्षण आहे, ते याचसाठी.

औषधालयाच्या गल्ल्यावर तर प्रश्न रुग्णाचा आहे. लोहासव आणि लोध्रासव ही नावे धावत्या डोळ्यांना एकच भासतात. पहिले लोहयुक्त, पांडुरोगात द्यावयाचे. दुसरे लोध्रप्रधान, प्रमेहादी विकारांतले. त्यात आमच्या वैद्यबंधूंचे हस्ताक्षर! (त्याविषयी न बोललेलेच बरे.)

आमची सूचना अशी: वैद्यांनी औषधाचे नाव संक्षेप न करता लिहावे व शेजारी निदान नोंदवावे, औषधालयचालकांनी ते नाव रुग्णासमोर मोठ्याने वाचून मगच बाटली हाती द्यावी. चिठ्ठीमागे अर्धा मिनिट अधिक लागेल. रांगेतील गिऱ्हाईक कुरकुर करील, करू द्यावी.