विकलेली प्रत विकणाऱ्याची राहत नाही

मुदत न घालता, एकरकमी किंमत मोजून घेतलेले सॉफ्टवेअर ग्राहकाने पुढे दुसऱ्याला विकले, तर तो कॉपीराइटचा भंग ठरतो का, या प्रश्नावर अमेरिका आणि युरोप येथील न्यायालयांनी परस्परविरोधी उत्तरे दिली आहेत. सॉफ्टवेअर कंपन्यांचे म्हणणे मात्र सगळीकडे एकच असते: सॉफ्टवेअर विकले जातच नाही, ते वापरण्याचा परवाना तेवढा दिला जातो, तेव्हा ग्राहकाकडे पुढे विकण्यासारखे काही उरतच नाही. हा पूर्वपक्ष वरवर बिनतोड वाटतो. बारकाईने पाहिले तर तो टिकत नाही.

असाच दावा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुस्तकांच्या बाबतीत झाला होता. बॉब्ज-मेरिल या अमेरिकन प्रकाशनाने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत सूचना छापली होती, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला प्रत विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. प्रत एकदा विकली, की तिच्या पुढच्या विक्रीवर कॉपीराइटच्या जोरावर अटी लादता येत नाहीत, हे पहिल्या विक्रीचे तत्त्व तेथे रुजले आणि पुढच्याच वर्षी कायद्यात आले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके विकणाऱ्याला प्रकाशकाची परवानगी मागावी लागत नाही, ती याच न्यायाने. सॉफ्टवेअरच्या खोक्यातला परवाना-करार ही त्या छापील सूचनेचीच वाढवलेली आवृत्ती आहे.

तरीही अमेरिकेत सॉफ्टवेअरला वेगळा न्याय लावला गेला. टिमथी व्हर्नर हे ईबेवर जुन्या वस्तू विकत. २००७ मध्ये त्यांनी एका वास्तुविशारद कंपनीकडून ऑटोकॅडच्या चौदाव्या आवृत्तीच्या चार अस्सल प्रती विकत घेतल्या आणि त्या ईबेवर विक्रीला काढल्या. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने विक्री थांबवायला लावल्यावर व्हर्नर न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. पण सप्टेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यासाठी त्याने तीन कसोट्या सांगितल्या: कंपनीने व्यवहाराला परवाना म्हटले आहे का, हस्तांतरावर मोठी बंधने घातली आहेत का, आणि वापरावर लक्षणीय निर्बंध आहेत का.

या तिन्ही कसोट्यांची उत्तरे एकट्या कंपनीने लिहिलेल्या कागदातूनच मिळतात. ग्राहकाने किती पैसे दिले, प्रत किती काळासाठी मिळाली, ती परत करायची होती का, हे व्यवहाराचे खरे स्वरूप ठरवणारे प्रश्न मागे पडतात. या कसोट्या १९०८ मध्ये लावल्या असत्या, तर बॉब्ज-मेरिलला पहिल्या पानावर ‘परवाना’ एवढा एक शब्द वाढवून तो खटला जिंकण्याच्या वाटेला लागता आले असते.

या खटल्यात ऑटोडेस्कची एक बाजू मात्र खरोखर बळकट होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मूळ वास्तुविशारद कंपनीने जुन्या प्रती नष्ट करण्याच्या अटीवर नवी आवृत्ती सवलतीत घेतली होती: ३,७५० डॉलरऐवजी प्रत्येकी ४९५ डॉलरला. सवलतही घ्यायची आणि जुनी प्रतही विकायची, हा करारभंगच होय. पण त्याची भरपाई करार मोडणाऱ्याकडून मागायला हवी. व्हर्नर यांनी त्या करारावर सही केली नव्हती, सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चढवलेही नव्हते. एकाच्या करारभंगामुळे वस्तूच्या प्रत्येक पुढच्या धन्याला कॉपीराइटचा अपराधी ठरवणे न्यायाला धरून नाही.

युरोपने हा गुंता अधिक सरळ सोडवला. जर्मनीतील यूझ्डसॉफ्ट ही कंपनी ओरॅकलच्या सॉफ्टवेअरचे वापरलेले परवाने विकत असे. ओरॅकलचे ते सॉफ्टवेअर ८५ टक्के वेळा इंटरनेटवरून उतरवून घेतले जाई. डिस्क वा खोके नव्हतेच. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की योग्य मोबदला घेऊन बेमुदत वापराचा हक्क दिला असेल, तर ती विक्रीच होय, मग त्याला नाव काहीही द्या. करारात हस्तांतराला मनाई असली तरी मूळ कंपनीला ती फेरविक्री रोखता येत नाही. जे बेमुदत आणि पूर्ण मोबदल्यावर दिले, त्यात देणाऱ्याकडे काय शिल्लक राहिले, एवढाच प्रश्न महत्त्वाचा. तो त्या न्यायालयाने नेमका ओळखला.

यावर दुसरा आक्षेप चोरीचा घेतला जातो: विकणारा आपल्या संगणकावर एक प्रत ठेवूनच दुसरी विकेल. ही भीती खोटी नाही, पण तो फेरविक्रीचा दोष नव्हे. विकून झाल्यावर स्वतःकडे प्रत ठेवणे ही बेकायदा नक्कल आहे. युरोपीय न्यायालयाने म्हणूनच विकणाऱ्याने आपली प्रत निरुपयोगी केली पाहिजे, अशी अट घातली. पंचवीस जणांचा एकत्र परवाना फोडून त्यातले थोडे विकण्यासही मनाई केली. मूळ डिस्क हरवल्यावर केलेली राखीव नक्कल विकता येणार नाही, असे २०१६ मध्ये आणखी स्पष्ट केले. आज बहुतेक सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशी जोडून सुरू होते. एका संगणकावरचा परवाना बंद करून दुसऱ्यावर सुरू करणे कंपन्यांना अवघड नाही.

डिजिटल प्रत झिजत नाही, म्हणून जुन्या मालाने नव्याचा बाजार बुडेल, असा तिसरा युक्तिवाद आहे. पण सॉफ्टवेअर झिजत नसले तरी मागे पडते. कार्यप्रणाली बदलतात, दुरुस्त्या येणे बंद होते, फाइलींची रूपे बदलतात. एखादे नवे उत्पादन आपल्याच दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीपुढे टिकत नसेल, तर कायद्याने त्याला आधार देण्याचे कारण नाही. कंपन्यांनी स्वतः शोधलेली वाट तर त्यांच्याच विरुद्ध साक्ष देते. अडोबीने २०१३ मध्ये आणि ऑटोडेस्कने २०१६ मध्ये बेमुदत परवाने मागे टाकून वर्गणीची पद्धत धरली. वर्गणीचे सॉफ्टवेअर भाड्याचेच असते आणि भाड्याची वस्तू पुढे विकता येत नाही, याबद्दल कोणाचाच वाद नाही. पण मग आधीचा व्यवहार भाड्याचा नव्हता, हेही मान्य करावे लागते.

भारतात या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या शब्दांतच दडलेले आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १४ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने संगणक प्रणालीची प्रत विकण्याचा हक्क कर्त्याला दिला, तोही ‘ती प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो’ अशा आशयाच्या शब्दांसह. याचा अर्थ फेरविक्रीही त्याच्याच हाती राहिली. १९९९ च्या दुरुस्तीने हे शब्द काढून टाकले. संसदेने असलेले शब्द मुद्दाम वगळले, तर त्या वगळण्याला अर्थ असतो. २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनीअरिंग अॅनालिसिस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ लावला: या बदलाने पहिल्या विक्रीचे तत्त्व कायद्यात आले असून, कलमाचा रोख नकला काढून त्या विकण्यावर आहे. कलम ५२ देखील प्रणाली वापरण्यापुरती आणि राखून ठेवण्यापुरती नक्कल करण्याची मुभा प्रतीच्या ‘कायदेशीर धारका’ला देते, केवळ पहिल्या ग्राहकाला नव्हे.

तो खटला प्राप्तिकराचा होता, जुने सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा नव्हता, हे खरे आहे. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा व्यापारी असो, की बंद पडलेल्या कार्यालयाची मालमत्ता विकणारा अवसायक, वकिलाची नोटीस आली की तो आजही माघार घेतो. बेमुदत घेतलेली अस्सल प्रत, स्वतःकडे काहीही न ठेवता, संपूर्ण परवान्यासह पुढे विकणे हा कॉपीराइटचा भंग नाही आणि याला मनाई करणारी कराराची अट निरर्थक आहे, असे एक स्वतंत्र पोटकलम संसदेने कायद्यात घालावे.