दिवाळीची वाट कशाला पाहायची?

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी

आपल्या शाळेच्या मागे परसबाग आहे हे तुम्हां सर्वांना माहीत आहेच. दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली, की आपण तेथे थंडीची भाजी लावतो. गुरुजी वाफे आखून देतात आणि आपण बी टाकतो. हे काम मला फार आवडते. परंतु माझे असे मत आहे, की आपण बी उशिरा टाकतो. ते दिवाळीच्या आधीच टाकले पाहिजे. का, ते सांगतो.

बागेची वही मी गुरुजींना विचारून पाहिली. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. त्या वर्षी फ्लॉवरचे बी नोव्हेंबरच्या अखेरीस पडले. वहीत लिहिले आहे, ‘नुसता पाला’. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. तेव्हा गड्डे आले, पण लिंबाएवढे. २०२५ साली ते २१ ऑक्टोबरला होते. तेव्हा गड्डे मुठीएवढे झाले. म्हणजे दिवाळी लवकर आली, की आपली भाजी जरा बरी येते. यात भाजीचा काय दोष?

दिवाळी दर वर्षी अकरा दिवसांनी अलीकडे येते, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आला, म्हणून यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पण थंडी काही अशी सरकत नाही. ती तिच्या वेळेला येते आणि फेब्रुवारीत निघून जाते. मग आपण दिवाळी बघून बी टाकले, तर चुकणारच ना?

आमची आजी दिवाळी बघत नाही, नक्षत्र बघते. ती म्हणते, “हस्ताचा पाऊस बघून रोप टाकावं, चित्रात भाजी पेरावी, स्वातीत रोप लावावं.” मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून पाहिली. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागते, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. दर वर्षी जवळजवळ त्याच तारखा! गुरुजी म्हणाले, की नक्षत्रे सूर्यावरून मोजतात, म्हणून ती सरकत नाहीत. म्हणजे आजीचा हिशेब बरोबर आहे.

तरी मी स्वतः करून पाहिले. गेल्या वर्षी आजीकडून परड्यात दोन वाफे मागून घेतले. एकाच पुडीतले फ्लॉवरचे बी निम्मे १ ऑक्टोबरला टाकले आणि निम्मे दिवाळीची सुट्टी संपल्यावर, ५ नोव्हेंबरला. पहिल्या वाफ्यातला गड्डा आम्ही संक्रांतीला कापला. दुकानात वजन केले, तर पाऊण किलोला थोडा कमी भरला. दुसऱ्या वाफ्यातले गड्डे मार्चात आले. ते पाव किलोसुद्धा भरले नाहीत आणि उन्हाने पिवळे पडून सुटे झाले. आईने ते म्हशीला घातले.

पण खरे ते सांगितले पाहिजे. माझ्या पहिल्या वाफ्यालाही त्रास झाला. परतीचा पाऊस आला, वाफ्यात पाणी साठले आणि चाळीसपैकी चौदा रोपे मानेत कुजली. मला रडू आले. आजी म्हणाली, “वाफा उंच का नाही केलास? पाणी निघून गेलं असतं.” म्हणून फार घाईही करू नये आणि रोपाचा वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. त्यावर उगवेपर्यंत वाळलेले गवत पसरावे. ऑक्टोबरचे ऊन कडक असते, म्हणून दुपारची सावली करावी.

सगळी भाजी एकाच दिवशी लावायची नसते, हेही मला कळले. फ्लॉवर आणि कोबी यांचे आधी रोप करतात. चार आठवड्यांनी ते संध्याकाळच्या वेळी हातभर अंतरावर लावतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा हे जागेवरच पेरतात. धणे हलकेच रगडून दोन फाकी कराव्यात, मग पेरावे. गाजर उपटून दुसरीकडे लावू नये, त्याला पाय फुटतात. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणून दर दहा-बारा दिवसांनी एकच वाफा पेरावा. आपण सगळी मेथी एकदम पेरतो, मग आठ दिवस मेथीच मेथी आणि नंतर काहीच नाही! वाटाण्याला फुले आली आणि ऊन वाढले, तर फुले गळतात. म्हणून तोही वेळेवर पाहिजे. फ्लॉवरचे बी घेताना दुकानदाराला हळवे की गरवे ते विचारावे. हळवे बी उशिरा लावले तर बटणाएवढे गड्डे येतात.

आता काही मुले म्हणतील, की दिवाळीच्या आधी सहामाही परीक्षा असते. माझे उत्तर असे, की बी टाकायला एक तास पुरतो. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीला आपण शाळेत येतो, मैदान झाडतो. त्याच दिवशी रोपाचा वाफा करावा. ही तारीख कधी सरकत नाही!

दुसरे म्हणतील, “सुट्टीत पाणी कोण घालणार?” हा प्रश्न मात्र खरा आहे. रोप लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस पाणी चुकले, तर सगळे वाया जाते. मी आमच्या वस्तीतल्या मुलांना विचारले. आम्ही सहा जण आहोत. दोघादोघांनी पाळी केली, तर एकेकाला दोन दिवसांआड यावे लागेल. हापसा शाळेच्या दारातच आहे. गावातल्या मुलांनीही नावे दिली, तर चार दिवसांतून एकदाच पाळी येईल. फराळ खाऊन यायचे, दहा बादल्या घालायच्या, परत जायचे. मुलींनाही पाळी द्यावी, नुसते मुलगेच नकोत.

आपल्या खिचडीत गेल्या हिवाळ्यात बागेतली मेथी दोनदा पडली, त्या दिवशी पहिलीच्या मुलांनी पुन्हा मागून खाल्ले. मावशी म्हणाल्या, “भाजी आणून द्या, मी रोज घालीन.”

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. मी तीन वर्षे बागेत फ्लॉवर लावला, पण शाळेत त्याची भाजी एकदाही खाल्ली नाही. पुढच्या वर्षी मी पाचवीला दुसऱ्या गावी जाणार. यंदाच्या संक्रांतीला आपल्या बागेतला गड्डा कापावा आणि सर्वांनी मिळून खावा, अशी माझी इच्छा आहे. गुरुजींना आणि बाईंना माझी नम्र विनंती आहे, की त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

ज्यांना माझे म्हणणे पटले, त्यांनी पाळीसाठी आपले नाव या कागदाखाली पेन्सिलीने लिहावे. ज्यांना पटले नाही, त्यांनी पुढच्या अंकात आपले मत लिहावे. माझे नाव मी पहिले लिहिले आहे.