खवल्यांचा हिशेब

रॅटलस्नेक म्हटलं की शेपटीचा खुळखुळा. पण कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या सांता कातालिना बेटावरच्या जातीला तो वाजवताच येत नाही. कात टाकताना शेपटीची कडी टिकत नाही, गळून जाते. तरी ती रॅटलस्नेकच. या अंकाची मुखपृष्ठकथा तिच्यापासून सुरू व्हावी, हा आमचा हट्ट.

दक्षिण कॅनडापासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेल्या या सापांच्या प्रजाती दोनच. सिस्ट्रुरसच्या डोक्यावर नऊ मोठे खवले, क्रोटॅलसच्या डोक्यावर बहुतेक बारीक. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारी खाच दोघांनाही असते. आपल्या सह्याद्रीतल्या चापडा सापालाही, कारण तोही रॅटलस्नेकच्याच उपकुळातला.

भांडण आहे ते जातींच्या संख्येचं. सॅन दिएगोचे लॉरेन्स क्लाउबर पेशाने विद्युत अभियंता. हजारो साप तपासून, खवले मोजून जाती ठरवत त्यांनी १९५६ मध्ये रॅटलस्नेकवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. (नोकरी सांभाळून हे करणाऱ्या माणसाचा आम्हाला हेवा वाटतो.) पुढे डीएनए तपासणी आली आणि पश्चिम अमेरिकेतल्या ‘विरिडिस’ या एका जातीच्या अनेक जाती झाल्या. नेमक्या किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मुखपृष्ठकथेतला तक्ता त्यातली एकच बाजू दाखवतो.