वयाचा शिक्का आणि नफ्याचा धंदा

चित्रपटांप्रमाणे संकेतस्थळांनाही वयोगटाचे शिक्के लावावेत, असा विचार ब्रिटनचे तत्कालीन सांस्कृतिक मंत्री अँडी बर्नहॅम यांनी २००८ साली मांडला. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु तुलना फसवी होती. चित्रपट एकदा पुरा होतो, परीक्षण मंडळ तो पाहते आणि चित्रपटगृहाच्या दारात तिकीट तपासणारा माणूस उभा असतो. संकेतस्थळ क्षणोक्षणी बदलते आणि त्याच्या दारात कोणीच नसते. तेथे शिक्का म्हणजे मुलांच्या कुतूहलाला आमंत्रणच.

पुढे ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने जबाबदारी कंपन्यांवर टाकली. अश्लील मजकूर पुरविणाऱ्या स्थळांना जुलै २०२५ पासून वयाची पडताळणी सक्तीची झाली. हे पाऊल योग्य आहे. मात्र त्यासाठी प्रौढांनाही ओळखपत्र, चेहरा वा अन्य माहिती देऊन वय सिद्ध करावे लागते. ती माहिती कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न नागरी स्वातंत्र्याचा आहे.

शिवाय 'सर्वांसाठी' असा शिक्का मिरविणारे स्थळही मुलाचे लक्ष खिळवून ते जाहिरातदारांना विकू शकते. हा व्यापार कोणताही शिक्का रोखू शकत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई करणारे कलम आहे. त्यातून सवलती देण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. जनमताने पहारा द्यायचा तो या सवलतींवर. सारा भार आईबापांच्या दक्षतेवर सोपवून नफेखोरांना मोकळे सोडणे, याला बालरक्षण म्हणता येणार नाही.