आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी
घाट चढताना गाडी तापली की आपण कडेला थांबतो, बोनेट उघडतो आणि ती निवेपर्यंत चहा पितो. अलीकडच्या सेस्ना १७२ विमानाच्या वैमानिकाला ना थांबायला कड आहे, ना पाणी ओतायला रेडिएटर. त्यातल्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनाचे चार सिलिंडर वाऱ्यावरच निवतात. समोरून शिरलेली हवा त्यांच्या पातळ पंखांमधून वरून खाली जावी म्हणून पत्र्याचे आडोसे आणि रबरी पट्ट्या बसवलेल्या असतात. एखादी पट्टी उलटी दुमडली, तरी हवा फटीतून पळते आणि सिलिंडर कोरडा तापतो. सिलिंडरच्या हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट असली, तरी इंजिन दीर्घकाळ टिकायचं तर वेगवान उड्डाणातही ४३५ च्या आत राहिलेलं बरं. काटा चढू लागला की आकाशात करायचं ते सोपं: नाक थोडं खाली, वेग वाढवायचा, मिश्रणात पेट्रोल जास्त सोडायचं. खरी परीक्षा हँगरमध्ये. चारही सिलिंडर तापत असतील तर इग्निशनचं टायमिंग, मिश्रण आणि हवेची वाट बघा. एकच तापत असेल तर त्याचं नोझल तुंबलंय का, इनटेकला गळती आहे का, ते पाहा. पण त्याआधी त्याचा आणि शेजारच्या सिलिंडरचा सेन्सर अदलाबदल करून बघा. ताप सेन्सरबरोबर सरकला, तर आजारी तापमापक आहे, रोगी नव्हे! इंजिन खोलण्याआधी एवढा धीर धरला, तर बंब सोमेश्वरी पाठवायची वेळ येत नाही.