दोघांना बसायला जागा

उद्या 14 फेब्रुवारी. मावळातल्या पॉलिहाउसमधले लाल गुलाब जानेवारीच्या अखेरीपासूनच परदेशी रवाना होऊ लागतात. तळेगावच्या आसपासच्या शेतकऱ्यांचे छाटणीपासून तोडणीपर्यंतचे सगळे वेळापत्रक या एका दिवसावर बेतलेले असते. परदेशी न गेलेली फुले पुण्या-मुंबईच्या बाजारात येतात. फुलांची सोय अशी महिना-दोन महिने आधीपासून होते. पण ते फूल हातात घेऊन पुण्यातल्या दोघांनी जायचे कुठे, निवांत बसायचे कुठे, याची सोय कुणीच पाहत नाही. दरवर्षी या दिवशी चर्चा होते ती संस्कृतीची, बंदोबस्ताची आणि हॉटेलांच्या खास थाळ्यांची. आम्हाला आज जागेबद्दल लिहायचे आहे.

पुण्यासारख्या जुन्या शहरात एकमेकांना भेटणे, हिंडणे, ओळख वाढवणे यासाठी फार पैसे लागू नयेत, असे आम्हाला मनापासून वाटते. दोघांनी एकमेकांना ओळखायचे तर समोरासमोर बसून मेनूकार्ड चाळण्यापेक्षा शेजारी शेजारी चालणे बरे. चालताना बोलणे आपसूक होते, गप्प राहिले तरी अवघडत नाही, आणि समोर पाहण्यासारखे काही असले की मतभेदही कळतात. कुणाला काय आवडते, कोण कशापाशी थांबते, कोण पायऱ्या चढताना मागे वळून पाहते, हे तासाभराच्या जेवणात कळत नाही. पेठांमध्ये अशा जागा पावलापावलावर आहेत. मंडई आणि कसबा पेठेत 2024 पासून मेट्रो थेट जमिनीखालून येते, त्यामुळे गाडी लावायची कुठे हा जुना प्रश्नही थोडा हलका झाला आहे.

बहुतेक जण शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात, तेही बाजीराव-मस्तानीच्या ओढीने. ही ओढ आम्हाला समजते. मात्र तिथे जाणाऱ्यांनी ती गोष्ट पुरती आठवावी. 1732 मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याच्या एका दरवाजाला मस्तानीचे नाव आहे, पण तिला घरात मान मिळाला नाही. 1739 च्या अखेरीस, बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनीच तिला कैदेत ठेवले. पुढच्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला, पाठोपाठ मस्तानीही. तिची कबर पाबळला आहे. आज वाड्याचे चौथरे आणि तटबंदीच काय ती उरली आहे, बाकीचे 1828 च्या आगीत गेले. तटावरून चालताना दोघांनी या गोष्टीतला नुसता शृंगार न पाहता घरच्यांचा विरोधही पाहिला, तर त्यांच्या गप्पांना वेगळेच वळण लागेल.

कारण वाडा ही जागाच मुळी दोघांसाठी नव्हती. चौक, ओसरी, माजघर, सोपा, सगळीकडे माणसे. नवरा-बायकोने दिवसाउजेडी एकमेकांशी बोलणे हा निर्लज्जपणा मानला जाई. रमाबाई रानडे 1873 मध्ये लग्न होऊन न्यायमूर्तींच्या घरी आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. बालविवाहाच्या त्या रीतीत हेवा करण्याजोगे काहीच नाही. पण रात्री नवऱ्याकडून शिकायचे आणि दिवसा त्याच शिकण्यावरून घरातल्या बायकांची बोलणी ऐकायची, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. दोघांमध्ये काही जुळून येण्यासाठी भिंतीआडची थोडी जागा आणि थोडा वेळ लागतो. ते त्यांना अक्षरओळखीच्या निमित्ताने मिळाले. पुढे 1910 मध्ये त्या आठवणींचे पुस्तक झाले.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर प्रत्येक जोडप्याने एक दुपार काढावीच. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला, आणि तो उभा करताना पत्नी कमलाबाई त्यांच्या सोबतीला होत्या. गावोगाव हिंडून, घासाघीस करून, पदरमोड करून त्यांनी जे जमवले ते राजेरजवाड्यांचे जवाहीर नव्हे. पक्ष्यांच्या नि घोड्यांच्या आकाराचे अडकित्ते आहेत, आरसा बसवलेल्या कुंकवाच्या पेट्या, फण्या, पानाचे डबे, दिवे. पाय घासायची वज्री पाहा. खालून खरखरीत, टाचेची भेग घासून काढणारी, आणि वरची मूठ मात्र कुणा कारागिराने पक्ष्यासारखी घडवलेली. न्हाणीघरात, कुणी पाहत नसताना वापरायच्या वस्तूवर एवढी कलाकुसर! तिच्यासमोर थांबून दोघांनी नुसते विचारावे की आपल्या घरात असे काय असावे, तर पुढचा अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही. कोथरूडच्या मस्तानी महालाचे लाकूडकाम आणून उभारलेले दालनही इथेच आहे. शनिवारवाड्यावर तिचे नाव नुसते दरवाजापुरते भेटते, तिचे घर पाहायला इथे यावे लागते.

पण उद्याच्या दिवसासाठी एकच जागा सुचवा असे कुणी म्हणाले, तर आम्ही गंज पेठेतला महात्मा फुले वाडा सांगू. उद्याच्या यादीत त्याचे नाव सहसा कुणी घेत नाही. तिथे जयंती-पुण्यतिथीला हार घेऊन जायचे आणि शाळेची सहल न्यायची, अशी आपली समजूत. खरे तर दोन माणसांनी एकमेकांची निवड करावी आणि समाजाने त्यांना जगू द्यावे, या गोष्टीसाठी पुण्यात जेवढे त्या घराने केले तेवढे दुसऱ्या कुठल्याच घराने केले नाही.

जोतिराव आणि सावित्रीबाई यांचे लग्न 1840 चे, दोघेही वयाने लहान. पण पुढची पन्नास वर्षे त्यांनी ज्या बरोबरीने काढली तिला तोड नाही. सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रांपैकी एक 1868 चे आहे, नायगावहून पाठवलेले. त्यात घरची खुशाली थोडी आणि एक प्रसंग सविस्तर आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतली मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले. गावाला कळल्यावर जमावाने दोघांना धरले, मारत मारत गावातून फिरवले, जीव घ्यायची तयारी झाली. सावित्रीबाई धावत मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे प्राण वाचवले. मग त्या दोघांना त्यांनी जोतिरावांकडे धाडले. ते पत्र वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच वर्षी जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाणी असो की प्रेम, कुणी कुणाला शिवायचे हे ठरवण्याचा गावाचा हक्क त्या नवरा-बायकोने एकाच वर्षी नाकारला.

आणखी एक गोष्ट आम्हाला त्याहून जवळची वाटते. विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने दत्तक घेतले. त्याचे लग्न फेब्रुवारी 1889 मध्ये ग्यानोबा ससाणे यांच्या राधेशी सत्यशोधक पद्धतीने झाले. लग्नाआधी सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला घरी राहायला आणले, मुलामुलीची एकमेकांशी ओळख व्हावी, स्वभाव कळावेत म्हणून. घरकामाचा भार स्वतः उचलून तिला शिकायला वेळ दिला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, पुण्याच्या एका पेठेत, सासूने घरातच दोघांना भेटायला जागा करून दिली! आज आपल्यापैकी किती आया हे करतील?

शहर म्हणून आपण काय करतो, तेही पाहू. संध्याकाळी डेक्कनकडून नारायण पेठेत जाणाऱ्या झेड ब्रिजवर जा. कठड्याला लागून दुचाक्यांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक दुचाकीवर पाठमोरे दोघे. त्यात कॉलेजची मुले असतात, तशी नवी लग्न झालेली जोडपीही असतात. एका खोलीत सासू-सासरे, दीर आणि आपण, अशा घरातून बाहेर पडून त्यांना महिन्याचा हिशेब, बाळंतपण, बदली यावर चार शब्द बोलायचे असतात. वाहनांचा धूर, खाली मुठेचा वास आणि पाठीमागून येणारे शेरे, हे सगळे सोसून ती तिथे बसतात ती हौसेने नाही. बागेत सुरक्षारक्षक हटकतो, टेकडीवर टवाळखोर मोबाइल काढतात, आणि कॅफेत दोन कॉफ्यांचे बिल परवडत नाही.

मध्यवस्तीतून हटकले की माणसे लांब जातात, अंधाराच्या जागी जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये बोपदेव घाटात मित्राबरोबर गेलेल्या तरुणीवर जे अत्याचार झाले, त्यानंतर ‘रात्री तिथे गेलीच कशाला’ हा प्रश्न विचारणारे कमी नव्हते. दोष गुन्हेगारांचा होता आणि त्यांचाच आहे. पण शहराने स्वतःला विचारायचा प्रश्न निराळा आहे: उजेडाच्या, वर्दळीच्या किती जागी आपण दोघांना सुखाने बसू देतो? दोन सज्ञान माणसांनी बाकावर शेजारी बसणे हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. सज्ञानांनी आपला जोडीदार निवडण्याच्या आड कुणी येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितले, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असा आदेशही दिला. सावित्रीबाईंच्या त्या पत्राला तेव्हा दीडशे वर्षे झाली होती.

महापालिकेकडे आमचे मागणे साधे आहे. बागांमधले ‘जोडप्यांना बसण्यास मनाई’ छापाचे फलक काढून टाका. टेकड्यांच्या पायथ्याशी, नदीकाठी आणि पेठांतल्या वारसास्थळांच्या आवारात झाडाखाली बाक टाका, दिवे लावा, स्त्रियांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे बांधा. येत्या अंदाजपत्रकात यासाठी वेगळी तरतूद दिसली पाहिजे. फुले वाड्याच्या अंगणात उद्या संध्याकाळी तरुणांसाठी त्या पत्राचे वाचन ठेवायला तर खर्चही येणार नाही. पोलिसांच्या दामिनी पथकाने उद्या टेकड्यांवर जरूर फिरावे, पण जोडप्यांना त्रास देणाऱ्यांना शोधण्यासाठी.

ज्यांना उद्या भेटायचे आहे त्यांना एवढेच सांगणे. सकाळ असेल तर पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढा, वरून शहर एकदा नीट पाहून घ्या. ऊन चढले की पाताळेश्वराच्या गारव्यात बसा. आठव्या शतकातल्या त्या लेण्यासमोरचा नंदीचा गोल मंडप एकाच खडकात कोरलेला आहे. भूक लागली तर 1935 पासून चालू असलेल्या गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा दोघांच्याही खिशाला झेपतो. बिल अर्धे अर्धे द्या. तिला किंवा त्याला जायचे असेल तेव्हा जाऊ द्या, नकार आला तर तो ऐका. आपण कुठे आहोत हे एका विश्वासू मैत्रिणीला कळवून ठेवा.

आणि आईवडिलांनो, उद्या एखाद्या चौकीतून तुमच्या मुलीबद्दल किंवा मुलाबद्दल फोन आला, तर ती कुणाबरोबर होती हे विचारण्याआधी ती सुखरूप आहे का, एवढे विचारा. मग तिला घ्यायला जा, आणि तिच्याबरोबरच्या मुलालाही घरी जेवायला बोलवा.